धाडस नको, तजवीज हवी : हायड्रोजन आणि त्याची संयुगे यांविषयी पुणेकरांस काही सूचना

शिवाजीनगरातील ज्या दगडी इमारतीला पुणेकर अद्यापि ‘सिमला ऑफिस’ याच नावाने ओळखतात, त्या इमारतीत १९२८ साली हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून येऊन दाखल झाले. पुढे मुख्यालय दिल्लीस गेले, तरी खात्याची महत्त्वाची दप्तरे पुण्यातच राहिली. वातावरणाच्या वरच्या थरांतील वाऱ्यांची दिशा आणि वेग मोजण्याकरिता हायड्रोजन भरलेले फुगे आकाशात सोडणे हा या खात्याचा जुना परिपाठ असून, त्यासाठी लागणारा वायू तयार करण्याचा स्वतंत्र कारखाना खात्याने आग्र्यास चालविला आहे. इतका ज्वालाग्राही वायू नित्य हाताळणे शक्य होते, याचे कारण सिलिंडर कोठे ठेवावयाचा, फुगा कोणत्या जागी भरावयाचा आणि आसपास ठिणगी पडू नये म्हणून काय करावयाचे, हे सारे कामाला हात घालण्यापूर्वीच ठरलेले असते. तोच वायू जत्रेच्या गर्दीत, भंगारातून आणलेल्या एखाद्या गंजक्या सिलिंडरात तयार होऊ लागला म्हणजे तो लेकरांच्या जिवावर उठतो. वायूचा स्वभाव दोन्ही ठिकाणी एकच. अंतर आहे ते पूर्वतजविजीचे.

हा विषय केवळ शास्त्रज्ञांचा राहिलेला नाही. घराघरांतील इन्व्हर्टरच्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. सोसायटीच्या मैलाटाकीत हायड्रोजन सल्फाइड साठतो. दुधाच्या आणि फळभाजीच्या शीतगृहांतून अमोनिया खेळविला जातो. स्वयंपाकघरातील नळीतून येणारा मिथेन हेही हायड्रोजनचेच संयुग आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि पुण्यातील केपीआयटी ही कंपनी यांनी मिळून सिद्ध केलेली हायड्रोजनवर चालणारी स्वदेशी बस २१ ऑगस्ट २०२२ रोजी याच शहरात लोकांपुढे आली, आणि जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने हरित हायड्रोजनाच्या राष्ट्रीय योजनेस मंजुरी दिली. सबब उद्याच्या पुण्यात या वायूचा वावर वाढणार, यात शंका नाही. अशा वेळी प्रत्येक गृहस्थाने आणि गृहिणीने एक गोष्ट मनाशी पक्की बांधून ठेवणे अगत्याचे आहे: या कुळातील वायूंपुढे आपले डोळे आणि नाक अपुरे पडतात, आपले शौर्य बहुधा घातक ठरते, आणि कामास येते ती फक्त आधी केलेली व्यवस्था.

वायूचा स्वभाव

हायड्रोजनला रंग नाही, गंध नाही, चव नाही. घरगुती गॅसला मर्केप्टन मिसळून मुद्दाम दुर्गंध आणलेला असतो, म्हणून गळती नाकाला कळते. परंतु हायड्रोजनच्या बसमधील इंधनघटाला (फ्युएल सेलला) गंधकयुक्त द्रव्ये मानवत नसल्यामुळे तेथील हायड्रोजनला अशी गंधखूण देता येत नाही, आणि गळती ओळखण्याचे काम यंत्रावरच सोपवावे लागते. मिथेन हवेत शेकडा ५ ते १५ या मर्यादेतच पेट घेतो, तर हायड्रोजन शेकडा ४ पासून थेट शेकडा ७५ पर्यंत कोणत्याही प्रमाणात पेटतो. आणि त्याला पेटविण्यास लागणारी ठिणगी मिथेनला लागणाऱ्या ठिणगीच्या दहाव्या हिश्श्याहूनही क्षीण असली तरी पुरते. नायलॉनचे कपडे घासून निर्माण होणारी, आपल्याला जाणवतही नाही अशी विद्युत्‌ठिणगी हे काम करू शकते. त्याची ज्योत भर उन्हात जवळजवळ दिसत नाही आणि तिची धगही दुरून फारशी जाणवत नाही, त्यामुळे माणूस नकळत ज्वाळेत शिरण्याचा संभव असतो.

या दोषांबरोबर एक गुणही आहे. हवेपेक्षा सुमारे १४ पट हलका असल्याने मोकळ्या आवारात तो पाहता पाहता वर निघून जातो. पण हीच गोष्ट बंद खोलीत उलटी फिरते, कारण तेथे तो छताखाली, तुळयांच्या आणि पोटमाळ्याच्या कोपऱ्यांत साठत राहतो. येथे वाचकाने एक भेद ध्यानात ठेवावा. हायड्रोजन आणि नळाने येणारा नैसर्गिक वायू हे वर चढणारे, तर सिलिंडरमधील स्वयंपाकाचा गॅस आणि हायड्रोजन सल्फाइड हे जमिनीलगत, खड्ड्यात आणि तळघरात रेंगाळणारे होत. म्हणून खोलीत हवा खेळती ठेवावयाची तर वरची आणि खालची अशी दोन्ही ठिकाणची झरोक्यांची सोय हवी. नुसती मधली खिडकी उघडून भागत नाही.

फुग्यांचा सिलिंडर

सारसबागेबाहेर, संभाजी बागेच्या फाटकाशी, तुळशीबागेत किंवा गणेशोत्सवाच्या दिवसांत मंडपांच्या वाटेवर आकाशाकडे ओढ घेणारे फुगे पाहून कोणत्या मुलाचे मन हरखून जात नाही? या फुग्यांत हेलियम असेल तर आगीचे भय नाही, कारण तो वायू जळतच नाही. परंतु हेलियम महाग पडतो, म्हणून पुष्कळ ठिकाणी फुग्यात हायड्रोजन भरला जातो. आणि त्याहूनही मोठा धोका म्हणजे तो वायू जागच्या जागीच, दाहक सोडा आणि ॲल्युमिनियमचे भंगार यांपासून, लोखंडी सिलिंडरात तयार करण्याची घातकी पद्धत काही फिरत्या विक्रेत्यांत रूढ आहे. या क्रियेत उष्णता प्रचंड निघते, आत दाब किती चढला हे दाखविणारे साधन नसते, अतिरिक्त दाब बाहेर सोडणारी झडप नसते, आणि दाहक द्रव्यांत राहून राहून सिलिंडरची झडप व सांधे निकामी होत गेलेले असतात. लातूर शहरात ऑक्टोबर २०२३ मध्ये अशाच फुगेवाल्याचा सिलिंडर मुलांच्या घोळक्यात फुटला; विक्रेता जागीच ठार झाला आणि फुग्यांसाठी जमलेली अनेक मुले जखमी झाली. पोटासाठी हे काम करणारा गरीब माणूस स्वतः सर्वांत आधी बळी पडतो, ही गोष्ट विसरता कामा नये.

पालकांनी काय करावे? सिलिंडर कसला आहे हे त्याच्या रंगावरून पुष्कळदा कळते: भारतीय मानकांप्रमाणे हायड्रोजनचा सिलिंडर लाल आणि हेलियमचा तपकिरी असतो. रंग उडालेला, ओबडधोबड जोडकाम केलेला, हाताला गरम लागणारा किंवा भोवती पांढरट भुकटी सांडलेली दिसणारा सिलिंडर पाहिला की मुलाचा हात धरून लागलीच दूर व्हावे. त्या ठिकाणी घासाघीस करीत उभे राहू नये. वाढदिवसाला फुगे आणावयाचेच असतील तर साधे, तोंडाने किंवा पंपाने हवा भरलेले आणावेत. वर जाणाऱ्या फुग्यांचा घोस केकवरील मेणबत्त्या, निरांजन, उदबत्ती, फटाके आणि तापलेले दिवे यांच्याजवळ नेऊ नये. तो मोटारीत काचा लावून किंवा लिफ्टमधून नेणे सर्वथा टाळावे, कारण एका फुग्यास लागलेली आग क्षणार्धात साऱ्या घोसाला लागते आणि बंद जागेत तोंड फिरविण्यासही अवसर मिळत नाही. समारंभाच्या व्यवस्थापकांनी कंत्राटातच ‘फुग्यांत हेलियमशिवाय अन्य वायू भरू नये’ असे कलम घालून घ्यावे. सिलिंडरांचे परवाने देणाऱ्या केंद्रीय खात्याचे मुख्यालय आपल्याच राज्यात, नागपुरास आहे. मोठ्या उत्सवमंडळांनी पुरवठादाराकडे परवाना पाहण्याचा आग्रह धरण्यात कोणताही संकोच बाळगू नये.

जिन्याखालची बॅटरी

पाणी घालावी लागणारी शिसे-आम्लाची बॅटरी भारित होताना तिच्यातील पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर पडतात, आणि बॅटरी पूर्ण भरत आली की हे उत्सर्जन सर्वांत अधिक असते. पुण्यातील सदनिकांत जागेची चणचण असते, म्हणून ही बॅटरी जिन्याखालच्या कोंदट कपाटात, माळ्यावर, किंवा कधीकधी देवघराच्या ओट्याखालीही ठेवलेली आढळते. वर निरांजन तेवते आहे आणि खाली हायड्रोजन निघतो आहे, अशी रचना कोणत्याही घरात असू नये. बॅटरी गॅलरीत किंवा बाहेरची हवा मिळेल अशा जागी ठेवावी, तिच्यावर कपडे वा रद्दी रचू नये, आणि झाकणावरील बारीक छिद्रे स्वच्छ राहतील असे पाहावे. पाण्याची पातळी पाहण्यासाठी काडी पेटविणे हा आत्मघात होय, हातदिवा वापरावा. तारा सोडविण्यापूर्वी यंत्र बंद करावे आणि पान्हा दोन्ही टोकांना एकाच वेळी टेकणार नाही याची खबरदारी घ्यावी.

या बॅटरीपासून एखादे दिवशी कुजक्या अंड्यासारखा वास येऊ लागला तर गटाराला दोष देऊन स्वस्थ बसू नये. प्रमाणाबाहेर भारित झालेल्या किंवा आतून बिघडलेल्या बॅटरीतून हायड्रोजन सल्फाइडही निघू शकतो. मुख्य वीजप्रवाह सुरक्षितपणे बंद करता येत असेल तर करावा, दारे-खिडक्या उघडाव्या, घरातील सर्वांनी बाहेर पडावे आणि जाणकार कारागिरास बोलवावे. अंगावर किंवा डोळ्यांत आम्ल उडाल्यास वाहत्या पाण्याने निदान १५ मिनिटे धुवून काढावे आणि मगच दवाखान्याची वाट धरावी. चुना, सोडा यांसारखे घरगुती उपाय डोळ्यावर करू नयेत.

मैलाटाकी आणि गोबरगॅसचा खड्डा

आता या लेखाच्या मर्मस्थानाकडे येऊ. पुणे शहराची हद्द २०१७ साली ११ आणि २०२१ साली आणखी २३ गावे सामावून घेऊन विस्तारली. वाघोलीसारख्या उपनगरांत इमारती झपाट्याने उभ्या राहिल्या, पण मैलापाणी वाहून नेणारी वाहिनी त्या वेगाने तेथवर पोहोचली नाही, म्हणून हजारो कुटुंबे आजही टाक्यांवर अवलंबून आहेत. याच वाघोलीत ऑक्टोबर २०२२ मध्ये एका गृहसंकुलाची टाकी साफ करताना तीन कामगारांचा अंत झाला. त्याआधी मार्च २०२२ च्या आरंभी लोणी काळभोरजवळच्या कदमवाकवस्तीत अशाच टाकीत चार जण दगावले. मार्च २०२३ मध्ये बारामती तालुक्यातील खांडज येथे जनावरांच्या मलमूत्राच्या टाकीत एक जण उतरला, तो बेशुद्ध झाला, त्याला काढण्यास दुसरा, त्याच्या मागून तिसरा, चौथा, असे चौघे गेले. त्यांतील तिघे एकाच कुटुंबातील होते. एप्रिल २०२४ मध्ये नेवासे तालुक्यातील वाकडी गावी शेण साठविलेल्या जुन्या विहिरीत पडलेल्या मांजरास वाचविण्याच्या प्रयत्नात पाच जणांचे प्राण गेले.

या घटना एकापुढे एक ठेवून पाहिल्या म्हणजे एक भयंकर नियम उघड होतो: पहिल्या माणसाला वायू मारतो, आणि त्यानंतरच्यांना त्यांची माया मारते. बाप मुलासाठी उतरतो, भाऊ भावासाठी, शेजारी शेजाऱ्यासाठी, आणि यांतील कोणाच्याही अंतःकरणाला दोष देता येत नाही. परंतु वाकडीच्या त्याच दुर्घटनेत सहावा माणूस कमरेला दोर बांधून उतरला होता. त्याला वरच्या लोकांना ओढून काढता आले आणि तो वाचला. सहाही जण सारखेच शूर होते. वाचलेल्याच्या कमरेला दोर होता, एवढाच भेद.

हे असे का घडते, त्याची कारणे समजून घेतली पाहिजेत. हवेविना कुजणाऱ्या मैल्यात आणि शेणात मिथेन, कर्बद्विप्राणील आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतात. यांपैकी हायड्रोजन सल्फाइड हा प्राणघातकांचा मुकुटमणी होय. अत्यल्प प्रमाणात तो कुजक्या अंड्यासारखा उग्र वास देतो. परंतु हवेच्या १० लक्ष भागांत त्याचे १०० भाग झाले की काही मिनिटांतच घ्राणशक्ती बधिर होते आणि वास येईनासा होतो. माणसाला वाटते की टाकी मोकळी झाली, हवा शुद्ध झाली. वास्तविक त्याच घटकेला धोका वाढलेला असतो. प्रमाण ५०० ते ७०० वर गेले तर काही मिनिटांत शुद्ध हरपते, आणि १,००० च्या आसपास पोहोचले की एकदोन श्वासांतच माणूस कोसळतो. ओरडून हाक मारण्याइतकाही अवधी त्याला मिळत नाही. शिवाय हा वायू गाळात विरघळून दडून राहतो, आणि गाळ बांबूने ढवळताच किंवा त्यात पाय पडताच एकदम बाहेर उसळतो. म्हणून काठावरून निर्धोक वाटलेली टाकी उतरणाऱ्याच्या पहिल्या पावलानेच विषारी होऊ शकते.

खेड्यापाड्यांत विहिरीत उतरण्यापूर्वी पेटता कंदील सोडून पाहण्याची जुनी चाल आहे. कंदील विझला तर प्राणवायू कमी आहे इतकेच त्यावरून कळते. तो विझला नाही म्हणून हायड्रोजन सल्फाइड नाही असे मुळीच सिद्ध होत नाही, आणि टाकीत मिथेन असला तर तोच कंदील स्फोटाला कारण होतो. सबब मैलाटाकीच्या बाबतीत ही चाल कायमची सोडून द्यावी. तोंडावर ओला रुमाल बांधणे, धुळीचा मुखपट्टा लावणे, श्वास रोखून ‘एका मिनिटात वर येतो’ म्हणून उतरणे हे उपायही तितकेच निरर्थक आहेत. कारखान्यांत मिळणारा गाळणीचा मुखवटाही प्राणवायूच नसलेल्या जागी उपयोगी पडत नाही; तेथे पाठीवरच्या नळकांड्यातून किंवा नळीने बाहेरून शुद्ध हवा पुरविणारे साधनच लागते.

खरा मार्ग एकच: टाकीत माणूस उतरवावयाचा नाही. गाळ शोषून घेणाऱ्या यंत्रगाड्या शहरात उपलब्ध आहेत. त्यांचे भाडे सोसायटीच्या सभासदांत वाटले असता प्रत्येकाच्या वाट्याला येणारी रक्कम एका माणसाच्या जिवापुढे नगण्य आहे. कायद्याचीही आज्ञा हीच आहे. २०१३ च्या अधिनियमाने गटारे आणि मैलाटाक्या यांची धोकादायक सफाई माणसाकडून करवून घेण्यास मनाई केली असून, हा निर्बंध सरकारी यंत्रणेप्रमाणेच खासगी मालकासही लागू आहे. प्रथम अपराधासही २ वर्षांपर्यंत कारावास किंवा २ लक्ष रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात सांगितली आहे. अशा मृत्यूबद्दल द्यावयाची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली १० लक्ष ठरविली होती. ती ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० लक्ष करण्यात आली. ‘आम्ही काम कंत्राटदाराला दिले होते’ हे उत्तर देऊन सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांना आपली जबाबदारी झटकता येणार नाही, कारण प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष कोणत्याही रीतीने माणूस उतरविणे निषिद्ध आहे.

अपवादात्मक प्रसंगी, यंत्राने होण्याजोगे नाहीच अशा कामासाठी, प्रशिक्षित पथकाला उतरावे लागलेच तर त्यांची पद्धत कशी असावी हेही नागरिकाला ठाऊक असावे, म्हणजे ती पाळली जात नसल्यास काम थांबविता येईल. सर्व झाकणे पुष्कळ आधी उघडून पंख्याने ताजी हवा आत सोडलेली असावी. प्राणवायू, ज्वालाग्राही वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड या चौघांचे माप घेणारे यंत्र वर, मध्ये आणि तळाशी सोडून पाहिलेले असावे व काम चालू असताना सतत सोबत असावे. उतरणाऱ्याच्या अंगावर पट्ट्यांचे पूर्ण बंधन आणि त्याला जोडलेला दोर तिपाईवरील चाकात असावा. आणि काठावर असा एक माणूस नेमलेला असावा की काहीही झाले तरी स्वतः उतरावयाचे नाही, हेच त्याचे कर्तव्य असेल. यांतील एकही गोष्ट कमी दिसली तर मुकादमाला तेथल्या तेथे हटकावे.

आणि दुर्दैवाने कोणी आत कोसळलाच तर? उतरू नका, आणि इतरांनाही उतरू देऊ नका. प्रसंगी धरून ठेवा. १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळवून ‘टाकीत वायूने माणूस बेशुद्ध’ हे शब्द स्पष्ट उच्चारा, म्हणजे अग्निशामक दल हवेची नळकांडी घेऊनच निघेल. तोवर सर्व झाकणे उघडा, मिळेल त्या पंख्याने आत हवा सोडा, मात्र विजेचे बटण अगदी तोंडाशी दाबू नका. माणूस शुद्धीवर असेल तर दोर टाकून तो कमरेला बांधण्यास सांगा. त्याला बाहेर काढल्यावर मोकळ्या हवेत निजवा, श्वास थांबला असल्यास छातीवर दाब देणे सुरू करा, आणि १०८ ची रुग्णवाहिका येईपर्यंत ते चालू ठेवा.

पुण्यातील आरती या संस्थेने स्वयंपाकघरातील उष्ट्याखरकट्यावर चालणारे आटोपशीर बायोगॅस संयंत्र लोकप्रिय केले आणि त्याबद्दल २००६ साली आंतरराष्ट्रीय ॲश्डेन पुरस्कार मिळविला, ही अभिमानाची गोष्ट आहे. अशी संयंत्रे उघड्यावर ठेवावी, त्यांतून निघणाऱ्या वायूत हायड्रोजन सल्फाइडचा अंश असतो हे ध्यानात ठेवावे, आणि मोठ्या घुमटाच्या आत दुरुस्तीसाठी उतरण्याच्या बाबतीत वरील सर्व नियम जसेच्या तसे पाळावे.

शीतगृहातील अमोनिया

अमोनिया हा नाकाला झोंबणारा, म्हणून त्या मानाने प्रामाणिक वायू होय. तो आपल्या आगमनाची वर्दी देतो. दौंड तालुक्यातील भांडगाव येथे जुलै २०२४ मध्ये एका अन्नप्रक्रिया कारखान्यात त्याची गळती होऊन १७ कामगारांना रुग्णालयात न्यावे लागले. दूधसंकलन केंद्रे, बर्फाचे कारखाने आणि शीतगृहे यांच्या शेजारी राहणाऱ्यांनी आणि तेथे काम करणाऱ्यांनी काही गोष्टी आधीच निश्चित कराव्या. वाऱ्याची दिशा दाखविणारी निशाणी आवारात उंच जागी असावी. गळती झाल्यास वाऱ्याला आडवे होऊन आणि मग वाऱ्याच्या उगमाकडे निघून जावे. अमोनिया पाण्यात अत्यंत विरघळतो, म्हणून पळताना नाकातोंडावर ओले फडके धरल्याने थोडा आराम मिळतो; परंतु हा केवळ बाहेर पडण्यापुरता उपाय आहे, आत जाण्याचा परवाना नव्हे. अग्निशामक दल पाण्याच्या फवाऱ्याचा पडदा उभारून वायू खाली बसविते. मात्र जमिनीवर साचलेल्या द्रवरूप अमोनियावर पाणी ओतल्यास तो अधिकच जोराने वायुरूप होतो, म्हणून कामगारांनी बादल्या घेऊन धावू नये. डोळ्यांत गेल्यास पापण्या उघड्या धरून १५ मिनिटांहून अधिक वेळ पाण्याने धुवावे. दरवाजे आतून सहज उघडतील, वाटेत खोकी रचलेली नसतील, आणि रात्रपाळीतील स्त्री-कामगारांनाही बाहेर पडण्याची वाट तोंडपाठ असेल, हे पाहणे मालकाचे काम आहे.

न्हाणीघर, स्वयंपाकघर आणि कारखाना

न्हाणीघरातील फरशी घासण्याचे ॲसिड हे हायड्रोजन आणि क्लोरिन यांचेच संयुग. त्यात ब्लीचिंग पावडर किंवा कपड्यांचे ब्लीच मिसळताच विषारी क्लोरिन सुटतो, म्हणून ही दोन द्रव्ये एका दिवशी, एका बादलीत, एका फरशीवर वापरू नयेत. ॲसिड जस्ताच्या बादलीत ओतल्यास हायड्रोजन निघतो. प्लास्टिकचे भांडे वापरावे. तुंबलेली मोरी मोकळी करण्याच्या दाणेदार पुड्यांत दाहक सोडा असतो, आणि काहींत ॲल्युमिनियमही; पाणी पडताच उष्णता आणि हायड्रोजन निघतात, तेव्हा चेहरा दूर ठेवावा, भोकावर झाकण दाबू नये, आणि त्याच मोरीत ॲसिड मुळीच ओतू नये. आम्ल पातळ करावयाचे असल्यास पाण्यात आम्ल सावकाश घालावे. आम्लात पाणी घालू नये. हायड्रोजन पेरॉक्साइड त्याच्या मूळ बाटलीतच, थंड व अंधाऱ्या जागी ठेवावे. दुसऱ्या घट्ट बुचाच्या बाटलीत भरल्यास आत साठलेल्या प्राणवायूच्या दाबाने ती फुटू शकते.

स्वयंपाकाच्या गॅसची गळती जाणवल्यास दिव्याचे बटण चालू किंवा बंद करू नये, दारे-खिडक्या उघडाव्या, नळी किंवा सिलिंडर बंद करावा आणि बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे.

भोसरी आणि चाकण परिसरातील लहान कारखान्यांत धातूवर मुलामा देण्याचे काम मोठ्या प्रमाणावर चालते. तेथील मालकांनी दोन गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे. सायनाइडची द्रावणे आणि आम्ले यांची भांडी, मोऱ्या आणि कोठारे पूर्णपणे वेगवेगळी असावीत, कारण त्यांचा संयोग झाला की हायड्रोजन सायनाइड हा तत्काळ मारक वायू निघतो. तद्वतच जेथे हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरले जाते तेथे कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम हाताशी असल्याशिवाय कामच सुरू करू नये. हे आम्ल आरंभी फारशी वेदना न देता खोलवर शिरून हाडापर्यंत पोहोचते. हायड्रोजनचे सिलिंडर उभे, साखळीने बांधलेले आणि ऑक्सिजनपासून दूर ठेवावे. त्यांच्या झडपांचे आटे उलटे, म्हणजे डावे असतात, आणि ते जुळत नाहीत म्हणून जबरदस्तीने दुसरा जोड बसविणे हा गंभीर अपराध समजावा.

सोसायटीच्या सभेपुढे ठेवावयाचा ठराव

हे सर्व वाचून विसरून जाण्यात अर्थ नाही. येत्या वार्षिक सभेत पुढील आशयाचा ठराव मांडावा, तो नोंदवहीत लिहून घ्यावा आणि अंमलबजावणीसाठी एका पदाधिकाऱ्याचे नाव नमूद करावे. एक : आवारातील कोणत्याही टाकीत किंवा चेंबरमध्ये कोणीही माणूस उतरणार नाही, सफाई यंत्राने होईल, आणि तिच्यासाठी दरवर्षी स्वतंत्र रक्कम राखून ठेवली जाईल. दोन : प्रत्येक झाकणावर ‘आत विषारी वायू, उतरू नये, वाचविण्यासाठीही उतरू नये’ अशी मराठी व हिंदी पाटी रंगविली जाईल, आणि तिच्याखाली १०१, ११२ व गटारसफाईसंबंधीचा राष्ट्रीय मदत क्रमांक १४४२० लिहिला जाईल. तीन : पहारेकरी, माळी आणि सफाई कामगार यांना वर्षातून एकदा हे नियम समक्ष समजावून सांगितले जातील, आणि ज्याला उतरण्याचा हुकूम मिळेल त्याने तो नाकारल्यास त्याच्या नोकरीस धक्का लागणार नाही, असे सभा लेखी आश्वासन देईल. चार : जिन्याखालच्या बॅटऱ्या तीन महिन्यांच्या मुदतीत हवेशीर जागी हलविल्या जातील. पाच : आवारातील समारंभांत हायड्रोजनच्या फुग्यांना मज्जाव राहील.

यांतील तिसरे कलम सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण मैलाटाकीत उतरणारा माणूस बहुधा रोजगारासाठी दूरगावाहून आलेला, ‘नाही’ म्हणण्याची ताकद नसलेला असतो. त्याला ती ताकद देणे हे आपल्या हाती आहे. आणि ज्या सोसायटीने असा ठराव करून तो पाळला, तिने आपल्या दारी एक मृत्यू होण्याआधीच टाळला असे निश्चित समजावे.